ड्युअल बूटचं घड्याळ: साडेपाच तास मिटले, आता सेकंद

ठाणे, शनिवार रात्र

एकाच मशीनवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि विंडोज, म्हणजे ड्युअल बूट. डेबियन वापरून विंडोज उघडलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे. फरक इतका नेमका असेल तर मदरबोर्डवरच्या सेलवर संशय घेऊ नका. सेल गेला की तारीखच जुन्या सालात जाते. मदरबोर्डवरच्या घड्याळात (आरटीसी) लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ लिहितं, विंडोज तेच आकडे स्थानिक वेळ समजून वाचतं. (१९५५ पर्यंत मुंबईत चालणारा, यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढचा बॉम्बे टाइम आज असता, तर चोर इतक्या लवकर सापडला नसता.)

लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे फारसं बिघडतही नाही. पण उद्या लिनक्सची आणखी एखादी डिस्ट्रो (आवृत्ती) टाकली की तिलाही तेच शिकवा. म्हणून वळवलं विंडोजला: रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) टाइमझोनइन्फर्मेशनखाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाचा डीवर्ड (आकडा ठेवायची नोंद), किंमत १. आता विंडोजही तिथले आकडे यूटीसी समजूनच वाचतं. फास्ट स्टार्टअपही बंद केलं; ते चालू असलं की शटडाउन म्हणजे अर्धी झोपच.

आता रात्री दहा वाजता बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाची सेटिंग्जची स्क्रीन) १६:३० दिसतात. धाकट्या भावाने ते पाहून वेळ ‘नीट’ करायला हात घातलाच होता. कॅबिनेटवर चिठ्ठी लावलीय: ही वेळ ठाण्याची नाही, हात लावू नये.

रविवार

उरले सेकंद. आरटीसीचा क्रिस्टल, म्हणजे ज्याच्या कंपनांवर ते चालतं तो स्फटिक, ३२,७६८ हर्ट्झचा. त्यात दहा लाखात २० ची चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ मिनिट. शिवाय हे क्रिस्टल साधारण २५ अंशांना नीट चालतात. त्याहून गरम झाले तरी मागे पडतात, गार झाले तरी मागेच. ठाण्यातला एप्रिल आणि बंद खोलीतलं कॅबिनेट, म्हणजे पुढे जायची आशा नको.

मोजताना एक पथ्य. क्रोनीत (लिनक्सची वेळ इंटरनेटवरून जुळवणारा प्रोग्राम) ‘आरटीसीसिंक’ ही ओळ असेल तर वेळ जुळल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) दर ११ मिनिटांनी आरटीसीत खरी वेळ लिहितो, म्हणजे पुरावाच पुसला जातो. त्यामुळे सुरू केल्या केल्या थेट बायोसमध्ये जायचं आणि तिथले सेकंद फोनच्या घड्याळाशी ताडायचे.

आता मशीन आठवडाभर बंद. भावाने लॅपटॉप वापरावा.