आमची वाटचाल: बोअर मारण्याआधी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांचं, अण्णांचं, बोअरिंगचं दुकान, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आतून कोरून मोठे करायचं. ऑइल इंजिन, ट्रॅक्टर, ट्रक. अण्णांच्या काळात गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारला जायचा, साईझ किती? दहा, वीस, तीस की चाळीस थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. पिस्टन मिळेल त्या मापाला बोअर मारायचं, होनिंग करायचं, म्हणजे आतून बारीक घासायचं, आणि सिलिंडरचा ब्लॉक टेम्पोत चढवायचा. सिलिंडरची भिंत किती जाड उरली हे कुणी मोजत नसे आणि मोजायची गरजही नसे. कंपनी ओव्हरसाईझची, म्हणजे बोअर किती वाढवायचं याची, मर्यादा घालते ती ओतकामातली चूकभूल धरूनच.

मी डिप्लोमा झाल्यावर आधी शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला लागलो. ध्वनी धातूतून जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून जाडी काढणाऱ्या अल्ट्रासॉनिक गेजची ओळख तिथली. एसजी आयर्न या जातीच्या बिडात (कास्ट आयर्नमध्ये) ग्राफाइटचे गोळे नीट बनलेत की नाही, हे त्यातून जाणाऱ्या ध्वनीच्या वेगावरून तपासतात. जमलेलं एसजी असेल तर वेग सेकंदाला ५,६०० मीटरच्या आसपास. साध्या बिडात तो बराच कमी, आणि प्रत्येक ओतकामात वेगळा. हे तेव्हा नोकरीचा भाग म्हणून शिकलो. आज आमच्या धंद्याचा पाया तोच आहे.

दुकानात परत आलो तेव्हा सोबत एक सेकंडहँड गेज होतं. सुरुवात फाउंड्र्यांच्या जॉबवर्कनं झाली. ओतकामाचा नवा पॅटर्न (नमुना) आला की पहिला नग कापून आणि न कापता, दोन्ही प्रकारे भिंती मोजून द्यायच्या. आजही घर चालतं ते याच कामावर. रेसिंगची कामं नावाला मोठी, बिलाला लहान. पण लोक आम्हाला ओळखतात ती त्यांच्यामुळे, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो.

पुण्याचे एक गृहस्थ प्रीमियर पद्मिनीचा ब्लॉक घेऊन आले. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. एकेकाळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत याच गाड्या पळायच्या, त्यामुळे जुन्या शौकिनांचा जीव अजून तिच्यात अडकलेला. त्यांनी दुसऱ्या गाडीचे ७० मिमीचे पिस्टन जमवून आणले होते. हिशोब सरळ, इंजिन १,१५५ सीसीचं होणार.

“सगळे सत्तर घालतात, आमच्यातच काय अडलंय?” हा त्यांचा प्रश्न.

अडतं ते कोअरमध्ये, म्हणजे ओतताना साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यात. सिलिंडरभोवती पाणी फिरायची पोकळी वाळूच्या कोअरनं तयार होते. ओतताना वितळलेलं बीड त्या कोअरला वर उचलायला बघतं. तो जरा जरी हलला, तरी एका बाजूची भिंत जाड होते आणि समोरची तेवढीच पातळ. बाहेरून ब्लॉक अगदी देखणा दिसतो. एकाच दिवशी ओतलेले दोन ब्लॉकसुद्धा आतून वेगळे निघू शकतात.

मोजण्याआधी पोकळीतला गंज काढावा लागतो. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घालून चालवलेल्या गाडीत तिथं खपल्यांचा थर बसतो, आणि मागची बाजू खडबडीत असली की प्रतिध्वनी विखुरतो, आकडा स्थिर राहत नाही. मग बोअरमध्ये ग्लिसरीनचं बोट फिरवून गेजचा बारीक तोंडाचा प्रोब टेकवायचा. प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक उंचीवर चारी दिशांना. त्याआधी गेज त्याच ब्लॉकवर सेट करायचं, जिथं भिंत मायक्रोमीटरनं धरता येते अशा जागी. हे टाळून गेज स्टीलच्या ५,९०० वर ठेवलं आणि त्या बिडाचा वेग ४,६०० निघाला, तर ४ मिमीची भिंत पडद्यावर ५.१ दिसते. स्वस्तातलं गेज घेऊन ‘चेकिंग’ करून देणारे इथंच फसतात, आणि गिऱ्हाईक हायवेवर.

त्या ब्लॉकचा तक्ता अजून आमच्या भिंतीवर आहे. डाव्या अंगाला सगळीकडे सहा मिमीच्या वर, उजव्या अंगाला एक नंबरच्या सिलिंडरला ४.४ आणि तिथून उतरत चार नंबरला ३.६. म्हणजे कोअर तिरका बसलेला. बोअर २ मिमीनं वाढलं की भिंतीतून १ मिमी जातं. उरणार २.६. आमच्या दुकानाचा नियम असा की रस्त्यावरच्या बिडाच्या ब्लॉकला कुठंही ३ च्या खाली जायचं नाही आणि पॉवर स्ट्रोकमध्ये पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिथं ४ तरी हवेत. पातळ भिंत लगेच फुटते असं नाही. आधी ती तापून वाकते, बोअर गोल राहत नाही, पिस्टनच्या रिंगा गॅस धरत नाहीत. वाढवलेल्या सीसीची ताकद ऑइल चेंबरमध्ये जाते आणि मालक कार्बोरेटरला शिव्या देत बसतो.

६९ करा, १,१२२ सीसी मिळेल, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. तेव्हा दुसरा ब्लॉक शोधा म्हटलं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला कायमच्या थांबल्या, भंगारात ब्लॉक मिळत होते. त्यांनी दोन आणले. एकाचं माप सगळीकडे सारखं निघालं, त्यातच ७० चे पिस्टन बसले. उरलेला ब्लॉक आम्ही त्यांच्याकडूनच विकत घेतला आणि बँडसॉवर कापला. गेजचे आकडे खरे किती, हे कापल्याशिवाय ठरत नाही. हेडच्या पोर्टिंगचं, म्हणजे हवेच्या वाटा घासून मोठ्या करण्याचंही तसंच. पोर्टच्या वळणात प्रोब टेकत नाही, म्हणून आधी एक भंगार हेड कापून ठेवायचं आणि ग्राइंडर कुठं थांबवायचा ते त्यावर बघायचं.

अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाचे लायनर, म्हणजे आत बसवलेल्या नळ्या, असतील, उदाहरणार्थ मारुती जिप्सीचं १,२९८ सीसीचं इंजिन, तर आम्ही फक्त लायनरची जाडी सांगतो. दोन धातू जिथं भेटतात तिथूनच प्रतिध्वनी परत येतो, पलीकडचं काही कळत नाही. आणि रस्त्यावरच्या गाडीत इंजिन बदलायचं तर गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, तेही आधी वाचून घ्या.

उद्यमनगरात सुरुवातीला बोअरिंगवाले आमच्यावर चिडायचे. “तू नको म्हणतोस, आमचं काम बुडतं.” आता त्यांच्यातलेच काही अवघड ब्लॉक आमच्याकडे पाठवतात. ‘नको’ म्हणायचेही आम्ही पैसे घेतो, यावर मात्र अजून वाद होतो. मोजायला वेळ तेवढाच लागतो.

ब्लॉक पाठवताना पूर्ण खोलून, पाण्याच्या पोकळीचे प्लग काढून, ती धुऊन पाठवा. रंग नको. आधी बोअर मारून मग ‘किती उरलंय सांगा’ म्हणत येणारेही पुष्कळ असतात. तेही ब्लॉक आम्ही मोजतो, दर तोच.