सेटच्या 'आहे का' चेकला टेस्ट लिहिताना

आमच्याकडे पायथॉनमध्ये लिहिलेली एक छोटी सेट लायब्ररी आहे, ओपन अ‍ॅड्रेसिंगवाली (म्हणजे जागा भरलेली असली की एलिमेंट त्याच टेबलात पुढच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसतं), आणि तिच्या मेंबरशिप चेकला, म्हणजे 'ही व्हॅल्यू सेटमध्ये आहे का' याला, युनिट टेस्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. आधीच्या टेस्ट होत्या पण सगळ्या एकाच छापाच्या, एलिमेंट टाका, ते आहेत का बघा, हिरवं. अहो, फंक्शनने डोळे मिटून कायम ट्रू दिलं तरी त्या पास होतील! म्हणून मी आधी 'नाही'ची बाजू धरली: रिकामा सेट, कधीच न टाकलेली व्हॅल्यू, टाकून काढलेली, दोनदा टाकून एकदा काढलेली.

हे सगळं पास झालं. खरी मजा कोलिजनमध्ये होती, म्हणजे दोन व्हॅल्यूंचा हॅश (व्हॅल्यूवरून काढलेला आकडा, त्यावरून तिचा स्लॉट ठरतो) त्यांना एकाच स्लॉटवर नेतो तेव्हा. साध्या स्ट्रिंग घेऊन कोलिजन व्हायची वाट बघत बसण्यात काही अर्थ नाही, त्यात पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश दर रनला बदलतो, म्हणजे आज फेल, उद्या पास. म्हणून टेस्टपुरता एक क्लास लिहिला, हॅश कायम ७, इक्वॅलिटी मात्र नावावरून. त्याचे अ, ब, क टाकले, ते ओळीने शेजारच्या स्लॉटमध्ये बसले, मधला ब काढला आणि विचारलं, क आहे का? फॉल्स! लूप फिरवला तर क दिसतोय, साइझ पण २ येतेय, पण चेक म्हणतो नाही. रिमूव्ह स्लॉट सरळ रिकामा करत होतं, आणि शोधणारा लूप रिकामा स्लॉट दिसला की तिथेच थांबतो, मग क पर्यंत पोचणार कसा.

तिथे टूमस्टोन ठेवला, म्हणजे 'इथे कोणीतरी होतं, पुढे बघ' अशी खूण. पण मग टाका-काढा करत राहिलं की सगळे स्लॉट टूमस्टोनने भरतात, आणि नसलेली व्हॅल्यू शोधणारा लूप थांबतच नाही, त्यामुळे रिसाइझ (टेबल मोठं करणं) ठरवताना टूमस्टोनही मोजायला लागले आणि त्या टेस्टला टाइमआउट लावला.

नॅनवर (NaN, 'आकडा नाही' सांगणारी व्हॅल्यू, जी स्वतःशीही इक्वल नसते) थोडी चर्चा झाली, शेवटी बिल्ट-इन सेटसारखंच ठेवलं: तोच ऑब्जेक्ट असेल तर सापडतो, नवा नॅन बनवून विचारलं तर नाही.

नंतर हायपोथिसिस या रँडम इनपुट बनवणाऱ्या टेस्ट लायब्ररीने रँडम अ‍ॅड-रिमूव्ह चालवून प्रत्येक स्टेपला उत्तर साध्या लिस्टशी ताडून बघितलं, आकडे मुद्दाम थोडेच ठेवले, नाहीतर काढायला सांगितलेलं बहुतेक वेळा सेटमध्ये नसतंच. टाकल्यावर ऑब्जेक्टचा हॅशच बदलला तर काय, ही टेस्ट मात्र नाही लिहिली, त्याची हमी बिल्ट-इन सेटही देत नाही.