करदोटा

मी कॅलिफोर्नियात एका युनिव्हर्सिटीच्या ऑटिझम रिसर्चमध्ये को-ऑर्डिनेटर आहे. आमच्याकडे दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे एमआरआय रात्री होतात, कारण नुसत्या रिसर्चसाठी भूल देणं बरोबर नाही, शिवाय झोपेत गोष्ट ऐकताना मेंदू कसा प्रतिसाद देतो हे बघायचं तर औषधाने तेच बदलतं. मग आईबाबा आठवडाभर आधीपासून घरी मशीनच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून सवय करतात आणि त्या रात्री घरचीच उशी पांघरूण घेऊन येतात, मूल गाढ झोपलं की कानात बोळे, वर हेडफोन, आणि उचलून आत.

त्या दिवशी आलेलं कुटुंब मराठी निघालं, आई, बाबा आणि साताऱ्याहून आलेल्या आजी. मुलगा सव्वादोन वर्षांचा, एकही शब्द बोलत नव्हता. फॉर्मवर दागिन्यांपुढे 'नाही' अशी टिक होती. साडेनऊला तो झोपला, आता उचलणार एवढ्यात मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "आजी, करदोटा आहे का हो?"

होता. पायजम्याच्या आत चांदीची साखळी, आणि फासा सुटू नये म्हणून वरून काळा दोरा गुंडाळून गाठी मारलेल्या. चांदी चुंबकाला ओढली जात नाही, त्यामुळे आमच्या हातातल्या, फक्त लोखंडासारखे धातू पकडणाऱ्या डिटेक्टरने काही दाखवलंच नसतं, पण कमरेभोवती धातूचं बंद कडं असलं तर स्कॅनच्या रेडिओ लहरींनी ते तापून भाजू शकतं. मला दरदरून घाम फुटला. करदोटा म्हणजे दागिना असं आपल्यात कुणाला वाटतच नाही ना!

मी कात्री आणली तर आजी म्हणाल्या, "कात्री नको गं लावू बाई." मग मोबाईलच्या उजेडात त्या नखाने एकेक गाठ सोडवत बसल्या, पंधरा मिनिटं तरी, आणि पोरगं हललं नाही.

साधा स्कॅन छान झाला. मग डिफ्युजन, म्हणजे मेंदूतल्या जोडण्या दाखवणारा स्कॅन, त्याला टेबल थरथरतं, तिथे तो जागा झाला आणि रडायला लागला, थांबलो. त्याच्या रडण्यापुढे आमचा डेटा काहीच नाही, असं मी टीममधल्या नव्या मुलामुलींना नेहमी सांगते.

बाहेर आईने हळूच विचारलं, "ताई, काय दिसलं?" हा प्रश्न मला दरवेळी आतून हलवतो. 2017 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा बाळांचा. त्यात ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग 6 ते 12 महिन्यांत जास्त वेगाने पसरला होता आणि दुसऱ्या वर्षात मेंदूचं आकारमान वाढलं होतं. पण हे अनेक मुलांचे आकडे एकत्र ठेवल्यावर कळतं, एका मुलाचा फोटो बघून हा कधी बोलेल हे मी काय, कुणीच सांगू शकत नाही. तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, कुणीतरी घरात मराठी बंद करा म्हणालंय. मी म्हटलं अजिबात करू नका, दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि आजी त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार?

आई रडल्या थोड्या. मी पण.

डिफ्युजनसाठी पुढच्या महिन्यात परत यायचं ठरलं. आजींनी साखळी रुमालात बांधली आणि म्हणाल्या, तोवर नुसता काळा दोरा बांधते, चालेल ना?

चालेल म्हटलं.