नोंदीत न आलेली बोटं

लॅन्सिंग ही मिशिगन राज्याची राजधानी, पण इथली जुनी माणसं गावाची ओळख सांगतात ती गाड्यांवरून. ओल्ड्समोबिल ही मोटार कंपनी १८९७ साली इथे सुरू झाली आणि २००४ मध्ये बंद पडली. जनरल मोटर्सचे कारखाने आजही चालू आहेत. त्यांना सुटे भाग पुरवणारी प्रेस शॉप, म्हणजे यंत्राने पत्रा ठोकून भाग बनवणारे छोटे कारखाने, आजूबाजूच्या गावांत पसरलेली आहेत. मी भांडुपची. एलबीएस मार्गावरच्या कारखान्यांचे भोंगे ऐकत मोठी झालेली. त्यामुळे इथला बर्फ मला परका वाटला, पण पत्र्यावर पडणाऱ्या प्रेसचा तो धप्प आवाज अजिबात परका वाटला नाही.

सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन मी इथे रुग्णालयांच्या नोंदी वाचायचं काम करते. घरी फोनवर आई विचारते, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?" आज ते जरा सविस्तर लिहिते, कारण मुंबईतल्या कितीतरी घरांशी या कामाचा थेट संबंध आहे.

साथरोगशास्त्र म्हटलं की आपल्याला करोना आठवतो, डेंग्यू आठवतो. पण त्या शास्त्राचे प्रश्न अगदी साधे आहेत. कोणाला झालं, कुठे झालं, केव्हा झालं आणि एकूण किती जणांपैकी झालं? हेच प्रश्न मशीनमध्ये गेलेल्या बोटालाही विचारता येतात. विचारले की दिसतं, अपघात कसेही, कुठेही होत नाहीत. ते ठरावीक मशीनवर, ठरावीक कामात, ठरावीक वेळी आणि ठरावीक माणसांना होतात.

मिशिगन स्टेट विद्यापीठातले संशोधक राज्यभरातल्या रुग्णालयांकडून कामावर तुटलेल्या बोटांच्या, हातांच्या नोंदी मागवतात. त्या कामगार विम्याच्या दाव्यांशी जुळवून पाहतात. मग प्रत्येक नोंद उघडून वाचायची: मशीन कोणतं होतं, त्यावर काय काम चाललं होतं, हात आत का गेला होता. वर्षानुवर्षं करवती आणि प्रेस ही दोन नावं वरच येतात. जिथे धोका अजून तसाच असेल असं वाटतं, त्या कारखान्याचं नाव राज्याच्या सुरक्षा खात्याकडे जातं आणि निरीक्षक तिथे जाऊन पोचतो. जखमी माणसाने तक्रार केलेली नसली तरी. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. नोकरी जाईल या भीतीने जो गप्प बसतो, त्याच्या वतीने त्याचा केस पेपर बोलतो.

प्रेसचं गणित आपल्याकडच्या गाळ्यांत काम केलेल्यांना सांगायला नको. जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोका पडतो, जॉब काढायचा, दुसरा ठेवायचा. हात आत असताना पाय पडला की संपलं. यावरचे उपाय जुने आणि माहितीतले आहेत. दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबल्याशिवाय ठोका पडूच नये अशी रचना करायची. हात पुढे आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा सेन्सर बसवायचा. डायभोवती पक्का गार्ड लावायचा. यातल्या एकाही उपायात कामगाराला "नीट लक्ष दे" असं सांगावं लागत नाही. बाराव्या तासाला कोणाचंही लक्ष उडणार, हे धरूनच ते योजलेले आहेत.

अमेरिकेत सगळं नीट मोजलं जातं असा समज करून घेऊ नका. २००६ साली याच विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून दाखवलं की मिशिगनमधल्या कामावरच्या इजा आणि आजारांपैकी ६८ टक्क्यांपर्यंत प्रकरणं राष्ट्रीय सर्वेक्षणात येतच नाहीत. ते सर्वेक्षण मालकांनी ठेवलेल्या वह्यांवर चालतं. वहीत नाही ते देशाच्या आकड्यात नाही. आणि न दिसलेल्यांची संख्या त्यांनी काढली कशी? दोन वेगवेगळ्या याद्या घेऊन. तळ्यातले मासे मोजायची जुनी रीत आहे: काही मासे धरून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि आलेल्यांत खुणेचे किती ते पाहायचं. तसंच इथे दोन याद्यांत सामाईक नावं किती ते बघतात. सामाईक नावं जितकी कमी, तितकी दोन्ही याद्यांतून निसटलेली माणसं जास्त.

ही रीत शिकले तेव्हापासून माझ्या मनात मुंबईच आहे.

माझ्या काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं साकीनाक्याच्या एका गाळ्यात गेली. शेठने त्यांना रिक्षात घालून जवळच्या खासगी नर्सिंग होममध्ये नेलं, बिल भरलं, हातात थोडे पैसे ठेवले आणि घरी पडलो असं सांगायला लावलं. काकांनी तसंच सांगितलं. काकूच्या तोंडी आजही "नशिबात होतं" एवढंच असतं. त्या प्रेसवर दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा बसला. काकांचं बोट कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे त्या मशीनकडे बघायला कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. शेठ वाईट माणूस होता असं काका कधी म्हणत नाहीत, आणि मला त्यात शिरायचंही नाही. मला सलतं ते हे की एका माणसाच्या दोन बोटांची किंमत देऊनही त्यातून दुसऱ्यासाठी काहीच शिकता आलं नाही.

आपल्याकडे याद्या नाहीत असं मात्र नाही. मुलुंड, कांदिवलीची ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, रुग्णालयं आहेत. केईएम, सायन, राजावाडी इथल्या अपघात विभागांत रोज नोंदी होतात. राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. सायनला केंद्रीय कामगार संस्था आहे, तिथे औद्योगिक सुरक्षेचं संग्रहालयसुद्धा आहे. एकमेकांशी जुळवून पाहाव्यात अशा दोन-तीन याद्या एका शहरात आधीच लिहिल्या जातात. फक्त महापालिकेच्या केस पेपरवर "यंत्रात हात जाऊन इजा" याच्या पुढे आणखी एक ओळ हवी: कुठलं यंत्र, कुठल्या कामात, कामाच्या कितव्या तासाला. अपघात विभागात गर्दीच्या वेळी लिहिणाऱ्या डॉक्टरवर काय ताण असतो ते मला ठाऊक आहे. तरीही ही एक ओळ मागायला हवी असं मी म्हणते.

दिल्लीजवळच्या गुरुग्राम-फरिदाबाद पट्ट्यात सेफ इन इंडिया ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांच्या अशाच नोंदी ठेवते. बोटं गमावलेले हजारो कामगार त्यांच्याकडे आले, आणि पॉवर प्रेस हेच त्यातलं मोठं कारण निघालं. अनेकांना ईएसआयसीचं कार्ड अपघात झाल्यावरच मिळालं होतं. भांडुप, साकीनाका, वसईच्या गाळ्यांबद्दल असं चित्र आपल्यासमोर का असू नये?

आता "किती जणांपैकी" याबद्दल थोडं, कारण सगळी मेख तिथे आहे. एका गाळ्यात वर्षात तीन इजा झाल्या आणि शेजारच्या कारखान्यात पाच. कोण जास्त धोकादायक? गाळ्यात दहा माणसं असतील आणि कारखान्यात साठ, तर उत्तर उलटं होतं. अमेरिकेत म्हणून इजांचं प्रमाण कामाच्या दोन लाख तासांमागे काढतात. १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे, असा तो हिशोब. आपल्याकडे बारा तासांची पाळी आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर त्याच १०० माणसांचे वर्षाला तीन लाख साठ हजार तास होतात. तासांनी भागलं की कळतं, इजा फक्त तास जास्त म्हणून वाढल्या की प्रत्येक तासच जास्त धोक्याचा झाला. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला बारा किंवा जास्त तास काम असलेल्या नोकऱ्यांत इजेचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त आढळला. टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थने आणखी एक गोष्ट दाखवली: नोकरीच्या पहिल्या महिन्यात रजा घ्यावी लागेल अशी इजा होण्याचा धोका वर्षाहून जुन्या कामगाराच्या तिपटीहून अधिक असतो. ठेकेदार दर काही महिन्यांनी नवी मुलं आणतो तेव्हा तो दर वेळी पहिल्या महिन्याचा धोका नव्याने विकत घेतो, आणि किंमत मोजतात ती मुलं.

"केव्हा" हा प्रश्नही किती काही सांगून जातो! माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरायच्या खात्यात, होते. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी त्यांच्या छातीत आवळून यायचं, आठवडाभरात कमी व्हायचं, पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. घरात सगळे म्हणायचे, सुट्टी मानवत नाही. सोमवारची ही आवळणारी छाती म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या बायसिनोसिसची खूण. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत १९५० च्या दशकात संशोधकांनी ती वारांनुसार नोंदून आजाराच्या पायऱ्या लावल्या. अमेरिकेत १९७८ साली गिरण्यांतल्या धुळीवर कायद्याने मर्यादा आली. एकट्या माणसाला ती आपल्या शरीराची खोड वाटते. खात्यातल्या सगळ्यांना "कुठल्या वारी जास्त त्रास होतो?" असं विचारलं की ती खात्याची खोड निघते.

मोजताना फसायला होतं तेही सांगते. आज प्रेसवर बसलेल्यांची तपासणी केली तर बरेच जण धडधाकट दिसतील. ज्यांचा हात गेला, ज्यांच्या छातीत भरलं, ते केव्हाच रत्नागिरीला, साताऱ्याला, जौनपूरला परत गेलेले असतात. कामावर टिकलेल्यांनाच मोजून "आमच्याकडे सगळं ठीक आहे" म्हणणं हा या शास्त्रातला फार जुना सापळा आहे. म्हणून सोडून गेलेल्यांचीही यादी ठेवावी लागते.

आणि मोजून झाल्यावर उपाय खरंच लागू पडतो का, हेही तपासायचं असतं. याचं मला आवडणारं उदाहरण बुटांचं आहे. इथल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, तिला नायोश म्हणतात, २२६ शालेय विभागांतल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या सुमारे १७,००० जणांवर प्रयोग केला. काही विभागांना न घसरणारे चांगले बूट फुकट दिले, काहींना नाही, आणि कोणाला द्यायचे ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. बूट मिळालेल्या विभागांत ओल्या, तेलकट फरशीवर घसरून झालेल्या इजांचे दावे ६७ टक्क्यांनी घटले. दादरच्या एखाद्या उपाहारगृहात मागच्या बाजूला ओल्या फरशीवर स्लिपर घालून धावणारी पोरं डोळ्यांसमोर आणा. तिथे काय करता येईल हे शोधायला नवा शोध नको आहे.

शेवटी घरच्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. तुमच्या किंवा ओळखीच्या कोणाचा पगार ईएसआयसीच्या मर्यादेत असेल, महिना २१,००० रुपयांपर्यंत, तर कामावरच्या इजेसाठी नोकरी किती जुनी आहे ते पाहिलं जात नाही. पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे, आणि बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयसीकडे द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. कार्ड आज आहे का ते आजच विचारा, अपघात होईपर्यंत थांबू नका. आणि रुग्णालयात कोणी काहीही सांगायला लावलं तरी केस पेपरवर खरं लिहून घ्या: कामावर, अमुक गाळ्यात, अमुक मशीनवर, इतक्या वाजता. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून बघा, मशीनचं नाव राहिलं असेल तर तिथेच उभं राहून लिहायला सांगा.