तडा मधून सुरू झाला होता

फिश टँक तयार करून घरोघरी बसवून देण्याचा माझा नाशिकमध्ये व्यवसाय आहे. गळतीचे फोन मला नवे नाहीत. बहुतेक वेळा एखाद्या कोपऱ्यातले सिलिकॉन सुटलेले असते आणि टँक रिकामा करून तो सांधा पुन्हा भरला की काम भागते. गेल्या पावसाळ्यात इंदिरानगरहून भल्या सकाळी आलेला फोन मात्र तसा नव्हता. "भाऊ, सांधे सगळे कोरडे आहेत, पण स्टँडच्या प्लायवरून पाणी ठिबकतंय," असे तिथल्या काकांनी सांगितले, तेव्हाच तळाची काच गेली असणार हे माझ्या लक्षात आले. तो टँक दोन महिन्यांपूर्वी मीच बसवला होता.

टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच होता, तळाला दहा मिलिमीटरची काच होती आणि आत सुमारे २४० लिटर पाणी होते. मी पोहोचलो तेव्हा काकू जमिनीवर जुनी लुगडी पसरत होत्या, आणि काका बाह्या सरसावून सर्वांत मोठा दगड बाहेर काढण्याच्या बेतात होते, कारण दगडाच्या वजनानेच काच फुटली याविषयी त्यांची खात्री झाली होती. मी त्यांना थांबवले. तडा गेलेल्या काचेवरचा दगड भरल्या पाण्यात हलवताना हातातून निसटला, तर ठिबकणारे पाणी एका क्षणात घरभर होते. आधी नळीने दोन पिंपे भरून घेतली, मासे त्याच जुन्या पाण्यात हवेच्या पंपासह सोडले, आणि मगच उरलेले पाणी काढायला घेतले.

माझा पहिला संशय स्टँडवर होता. स्टँड एका बाजूला खचला, किंवा टँकखालच्या थर्माकोलमध्ये एखादा खडा राहिला, तरी तळाची काच तडकते. पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मधोमध होता. थर्माकोलही सगळीकडे सारखाच दबलेला होता.

पाणी चार बोटे उरले तेव्हा मी मोठा दगड दोन्ही हातांनी सरळ वर उचलला, आणि त्याच्या खालून एक पिवळा मासा सुळकन बाहेर पडला. पकडताना तो आमच्या हाती लागलाच नव्हता. दगडाखाली वाळू उरलीच नव्हती. माशांनी ती तोंडाने उपसून बाजूला रचली होती आणि तिथे वाटीएवढी पोकळी केली होती. हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड, आणि वाळू उकरणे हा त्यांचा स्वभावच आहे. पोकळीच्या तळाशी काचेवर मुगाच्या दाण्याएवढा पांढरट, चंद्रकोरीसारखा टवका होता. तिथून निघालेला तडा एकदा वळण घेऊन समोरच्या सांध्यापर्यंत गेला होता. दगड उलटा करून पाहिला, तर त्याच्या एका टोकाला काचेचा चुरा चिकटलेला होता.

चूक माझी होती. मांडणी चांगली दिसावी म्हणून मी आधी वाळू अंथरली होती आणि दगड तिच्यावर टेकवले होते.

काकांना मी तिथेच हिशेब करून दाखवला. दगड हवेत १४ किलोचा. आपला काळा पाषाण पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असल्यामुळे पाण्यात त्याचा भार साधारण नऊ किलोच उरतो. तळावर पाण्याचा भार २४० किलोंचा, पण तो सगळीकडे सारखा पसरलेला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४५ ग्रॅम. दगडाचा निम्मा भार जरी चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या टोकावर आला, तरी तिथला दाब हजारपट होतो. त्यात सिलिका वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असतो. तो टोकाखाली सापडला की काचेवर ओरखडा उमटतो, आणि ताणाखालची काच अशा ओरखड्यापासूनच फाटते.

तड्यावर आतून काचेची पट्टी चिकटवून देणारे कारागीर आहेत. मला तो उपाय तळाच्या काचेसाठी पटत नाही. मी टँक दुकानात आणला, पात्याने जुने सिलिकॉन कापून तळ सुटा केला, नवी काच बसवली, आठवडाभर सुकू दिली आणि दोन दिवस पाणी भरून ठेवून मगच टँक परत नेला.

या वेळी क्रम बदलला. थर्माकोल आत घालण्याचा सल्ला काकांना कुणीतरी दिला होता. पण तो तरंगून वर येऊ पाहतो आणि मासे त्याचे कण टोचून काढतात. फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखालची चौकटीची प्लास्टिक जाळी भार चांगला पसरवते, मात्र तिच्या खणांत घाण साचते. म्हणून तळ पुसून कोरडा केला, एकही कण राहिला नाही हे तळहात फिरवून पाहिले आणि तीन मिलिमीटरची ॲक्रिलिकची शीट अंथरली. प्रत्येक दगड डुगडुगत नाही अशी बसकी बाजू शोधून थेट तिच्यावर बसवला. दिंडोरीकडच्या शेतातून काकांनी आणलेल्या दगडांपैकी एकात पांढऱ्या गारा होत्या. त्यांवर आम्लाचे थेंब टाकताच फेस आला, तेव्हा तो बाजूला ठेवला. (अशा गारेने पाण्याचा जडपणा वाढतो, या माशांना तो चालतो, पण किती वाढेल हे हातात राहत नाही.) वाळू सर्वांत शेवटी, दगडांच्या भोवतीने ओतली.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. माशांनी पुन्हा उकरले होते, दगड जागचा हलला नव्हता, पण वाळूतून शीटची चकचकीत कड दिसू लागली होती आणि ती त्यांच्या डोळ्यांना खुपत होती. मासे ढकलू शकणार नाहीत असे मुठीएवढे गोटे मी त्या कडेला लावून आलो.