रावेन्ना, आणि वाटेत सेनिओ नदी

बोलोन्याहून रावेन्नाला जाणारी पॅसेंजर लुगो स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळात एक लहानशी नदी ओलांडते. दोन्ही काठांना गवताने झाकलेले उंच बांध, मधे पाण्याची अरुंद पट्टी. नीट बघेपर्यंत नदी मागे पडते. तिचं नाव सेनिओ.

एप्रिलमध्ये चार दिवस सुट्टी होती. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून थेट बोलोन्यापर्यंत गाडी आहे, तिथून पुढे तास-सव्वा तास. फ्लॉरेन्स आणि व्हेनिस आमचं आधी झालं होतं, म्हणून या वेळी रावेन्ना. निघायच्या आदल्या रात्री बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, "इटलीत कुठे? आपल्या निमजचे नामदेव जाधव त्याच बाजूला लढले होते." आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं. निमज माझ्या आत्याच्या गावाच्या वाटेवर लागतं, लहानपणी शंभरदा तिथून गेले असेन. नामदेव जाधवांचं नावही ऐकलं होतं, पण ते नेमके कुठे लढले हे कधी विचारलं नव्हतं. ते गाडीत बसून वाचलं.

दुसऱ्या महायुद्धात रावेन्ना ४ डिसेंबर १९४४ला मुक्त झालं, पण जर्मन सैन्य थोडं मागे सरकून सेनिओच्या बांधांत घट्ट बसलं आणि आघाडी अख्खा हिवाळा तिथेच अडली. ९ एप्रिल १९४५ला नदी ओलांडायचा हल्ला झाला. नामदेव जाधव तेव्हा तेवीस वर्षांचे होते. ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये ते शिपाई होते आणि कंपनीचे निरोप पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. पलीकडच्या काठावर त्यांच्याबरोबरची माणसं पडली. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून परत आणलं. मग एकटेच पुन्हा पलीकडे गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या आणि त्या बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्यांना हाका मारल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. हे वाचत असतानाच नदी आली आणि गेलीसुद्धा.

त्यामुळे रावेन्नात उतरले तेव्हा मन काही तिथल्या मोझॅइकांवर, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जडवून केलेल्या चित्रांवर नव्हतं. पण गाला प्लाचिदिया या रोमन राणीच्या समाधीत पाऊल टाकलं आणि बाकी सगळं विसरायला झालं.

बाहेरून ती एक साधी विटांची बुटकी इमारत आहे. पाचव्या शतकातली. आत घोळक्याने सोडतात आणि पाचच मिनिटं देतात, त्यामुळे वेळ आधी ठरवून तिकीट काढावं लागतं. आत शिरल्यावर पहिला अर्धा मिनिट अंधार वाटतो. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यातून मधाच्या रंगाचा उजेड झिरपतो. डोळे सरावले की डोक्यावर गर्द निळं आकाश उघडतं आणि त्यात शेकडो सोनेरी तारे वर्तुळावर्तुळांनी मध्याकडे जाताना दिसतात. मोझॅइकच्या काचा तिथे सपाट बसवलेल्या नाहीत. प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात कललेला असतो, म्हणून आपण एक पाऊल सरकलो की वेगळेच तारे चमकतात. सोनेरी तुकड्यांत दोन काचांच्या मधे सोन्याचा वर्ख असतो. शतकानुशतकं जमीन खचत गेल्यामुळे आतली फरशी साधारण दीड मीटर वर उचललेली आहे, त्यामुळे छत बांधणाऱ्यांनी ठरवलं होतं त्याहून बरंच जवळ आलंय. राणी गाला प्लाचिदिया मात्र रोममध्ये वारली आणि बहुधा तिथेच पुरली गेली. पाच मिनिटं संपल्यावर बाहेरचं ऊन फिकट वाटलं.

शेजारचं सान विताले चर्च (५४७) भव्य आहे, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासह तिथे समोरासमोर उभे आहेत. सगळे फोटो त्यांचेच असतात. मला जास्त रेंगाळावंसं वाटलं ते सांत अपोलिनारे नुओव्होमध्ये. हे चर्च गॉथ राजा थिओडोरिकने आपल्या राजवाड्याशेजारी बांधलं. तो एरियन या ख्रिस्ती पंथाचा होता, जो बाकीचं चर्च पाखंडी मानायचं. त्याच्यामागे ५४०मध्ये शहर बायझंटाइनांच्या हाती गेलं आणि काही वर्षांनी बिशपने भिंतीवरून थिओडोरिकच्या दरबारातली माणसं काढून टाकली. राजवाड्याच्या चित्रात कमानी-कमानींत जिथे माणसं होती, तिथे मोझॅइकचेच पांढरे पडदे जडवले. काम मात्र पुरतं झालं नाही. खांबांवर अजून हात शिल्लक आहेत! एका खांबावर नुसता तळवा, दुसऱ्यावर मनगटापासून पुढचा पंजा. शरीर गायब, पडदा समोर, आणि हात जागच्या जागी. मान दुखेपर्यंत मी तेच बघत उभी होते. दोन्ही भिंतींवर २६ हुतात्मे आणि २२ कुमारिकांच्या रांगा शांतपणे चालल्या आहेत, पण माझे डोळे परत परत त्या हातांकडेच जात होते.

आता खाण्याबद्दल, कारण इथे भाकरी भेटली. पियादिना म्हणजे पीठ, मीठ, पाणी आणि चरबी, तव्यावर भाजलेली. रिमिनीकडे ती पातळ नि मोठी करतात, रावेन्नाकडे जाड नि लहान. पूर्वी ती मातीच्या तव्यावर भाजत, आपल्याकडचं खापरच ते. रस्त्याकडेच्या रंगीत पट्ट्यांच्या टपऱ्यांवर समोर लाटून देतात आणि लाटणाऱ्या बायकांचे हात बघत रांगेत उभं राहणं हेच निम्मं जेवण आहे. शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करून जा: 'स्ट्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी. पारंपरिक पियादिनात ती असते. ऑलिव्ह तेलातली हवी असेल तर 'ओलिओ' म्हणून मागायची, बऱ्याच ठिकाणी मिळते. आत स्क्वाक्वेरोने नावाचं चीज घालतात. ते इतकं सैल असतं की चमच्याने पसरतात, ताज्या लोण्यासारखं आणि किंचित आंबूस. त्यावर रुकोलाचा कडू पाला, किंवा साखरेच्या पाकात शिजवलेली अंजिरं. अंजिरंवाली घ्याच. नवऱ्याने काप्पेल्लेत्ती खाल्ले, टोपीच्या आकाराचे छोटे पास्ते, आत चीज, मांसाच्या रश्शात. मी त्याच्या ताटलीकडे न बघता दुसरी पियादिना मागवली.

जेवून दान्तेच्या समाधीकडे चालत गेलो. कवी दान्ते फ्लॉरेन्सचा, पण त्या शहराने त्याला १३०२मध्ये हद्दपार केलं आणि १३२१मध्ये तो रावेन्नात वारला. पुढे पोपच्या परवानगीने फ्लॉरेन्सचे लोक अस्थी न्यायला आले, तर पेटी रिकामी! फ्रान्सिस्कन साधूंनी त्या आधीच लपवून ठेवल्या होत्या. त्या सापडल्या १८६५मध्ये, भिंतीच्या कामात. आज समाधीत जो दिवा जळतो त्याचं तेल दरवर्षी फ्लॉरेन्सहून येतं. इवलीशी पांढरी खोली, आत वाकून बघावं लागतं. तिथे मला नेवासं आठवलं. लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत मोठं काव्य लिहिणारा हा माणूस १२६५चा, आणि आपले ज्ञानोबा १२७५चे. एकमेकांची गंधवार्ता नसताना दोघांनी जवळपास एकाच काळात आपापल्या बोलीला मोठं केलं. नवऱ्याला हे सांगत आम्ही तिथल्या पायरीवर बराच वेळ बसलो.

शेजारच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये एक नाणं टाकून तळघर बघा. ते पाण्याखाली आहे, तळाशी मोझॅइकची फरशी आणि वर सोनेरी मासे पोहतात. दुसऱ्या दिवशी एक स्टेशन पुढे क्लास्सेला गेलो, तिथल्या चर्चच्या वेदीमागच्या अर्धघुमटात हिरवं कुरण आणि पांढऱ्या मेंढ्या आहेत. एवढा हिरवा रंग मी कुठल्याच देवळात बघितला नव्हता.

परतताना मी बान्याकाव्हाल्लो स्टेशन गेल्यापासूनच दारापाशी उभी होते. हातात कागदात गुंडाळलेली पियादिना, फोन नवऱ्याकडे. बांध आला, पाणी आलं, दुसरा बांध आला. व्हिडिओ आठ सेकंदांचा भरला. म्हटलं, या बांधावर नामदेव जाधव उभे राहिले असतील, आणि आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. नेमकी जागा हीच असं नाही, पण नदी हीच.

व्हिडिओ बाबांना पाठवला. बोलोन्या यायच्या आत त्यांचं उत्तर आलं: "पाणी बरं आहे की नदीला. एप्रिलमध्येसुद्धा."