ॲनापोलिसचा रिंग डान्स : पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठी शुक्रवार ते रविवार

ॲनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीतल्या तिसऱ्या वर्षाच्या मिडशिपमनने, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्याने, तुम्हाला रिंग डान्सला, म्हणजे वर्गाची अंगठी बोटात घालण्याच्या नाचाच्या कार्यक्रमाला बोलावलं असेल, तर त्या संध्याकाळी त्याची किंवा तिची अंगठी रिबनने तुमच्या गळ्यात असणार आहे. ती सात समुद्रांचं पाणी भरलेल्या होकायंत्राच्या पितळी स्टँडमध्ये बुडवायची आणि मग मालकाच्या बोटात घालायची, हे तुमचं काम. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. बाकी अख्खा वीकेंड या अर्ध्या मिनिटाभोवती आखावा.

थोडी पार्श्वभूमी. इथे वर्गाच्या (म्हणजे एका वर्षी पदवी घेणाऱ्या तुकडीच्या) अंगठीची प्रथा १८६९ च्या वर्गापासून आहे. पूर्वी नौकानयनाची शेवटची परीक्षा झाली की पोरं अंगठीसकट पाण्यात उड्या मारायची. १९२४ मध्ये त्यात एकाचा जीव गेला आणि १९२५ पासून नाचाचा कार्यक्रम आला. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हे विद्यार्थी उरलेली दोन वर्षं आणि पुढची किमान पाच वर्षं सेवा अशी बांधिलकी पत्करतात, त्यामुळे अंगठीला त्यांच्या लेखी मोठा मान आहे. घरच्यांना मात्र आधीच सांगून ठेवा: हा साखरपुडा नव्हे. साखरपुड्यासाठी या अंगठीची छोटी प्रतिकृती वेगळी मिळते, तिला 'मिनिएचर' म्हणतात. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी हे वाक्य टाकलेलं बरं, नाहीतर आत्याबाई हॉलच्या तारखा बघायला लागतील.

शुक्रवार

ॲनापोलिसला प्रवासी रेल्वे नाही. विमानाने येणाऱ्यांनी बाल्टिमोरचा बीडब्ल्यूआय विमानतळ धरावा, तिथून टॅक्सीने साधारण ३५ किलोमीटर. ॲमट्रॅकने, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेल्वेने येत असाल तर उतरायचं त्याच विमानतळाच्या स्टेशनवर किंवा न्यू कॅरलटनला. वॉशिंग्टनहून अंतर पन्नासेक किलोमीटर. न्यू जर्सीच्या एडिसनकडून गाडीने तीनशेच्या आसपास. एरवी साडेतीन तास, शुक्रवारी पाच धरा. रूट ५० वर शुक्रवारी दुपारनंतर बे ब्रिजकडे, म्हणजे समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्यांची रांग लागते आणि ॲनापोलिसची एक्झिट पुलाच्या अलीकडे असली तरी त्या रांगेतूनच जावं लागतं. दुपारी दोनच्या आत पोचलात तर सुटलात. रो बुलेवार्डची एक्झिट घ्या.

हॉटेलचं बुकिंग तारीख कळल्या दिवशी करा. कार्यक्रम वसंतात असतो, तारीख दरवर्षी बदलते, आणि पदवीदानाच्या आठवड्याला लागून आला तर जुन्या गावातल्या खोल्या मिळणं कठीण होतं. शिवाय अशा वेळी काही ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट घालतात. बॅनक्रॉफ्ट हॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या वसतिगृहात, पाहुण्यांना राहता येत नाही. गेट क्रमांक १ पासून चालत जाता येईल अशी साधी खोली ही दूरच्या चकचकीत हॉटेलापेक्षा कधीही चांगली, कारण शनिवारी रात्री एकाच वेळी सगळ्यांना टॅक्सी हवी असते. एका वर्गात हजाराच्या घरात मिडशिपमन असतात, त्यावरून गर्दीचा अंदाज बांधा.

गाडी आत नेता येईल असं गृहीत धरू नका. सामान्य पाहुणे पायी आत जातात. गाडी नौदल-मरीन कोअर स्टेडियमच्या पैसे भरून मिळणाऱ्या पार्किंगमध्ये ठेवावी. तिथून गेट दोन किलोमीटरच्या आसपास, पण साडी-गाऊनमध्ये ते चालायचं नाही. आधी हॉटेल, मग कपडे.

गेटवर अठरा वर्षांवरील प्रत्येकाला फोटो ओळखपत्र लागतं. अमेरिकन लायसन्स असेल तर ते रिअल-आयडी प्रकारचं, म्हणजे केंद्रीय नियमांनुसार दिलेलं आहे ना, हे घरीच बघा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी, व्हिसा कुठलाही असो, मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा; फोनमधल्या फोटोच्या भरवशावर जाऊ नये. आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव असतं, पाहुण्यांच्या यादीत फक्त नाव-आडनाव जातं, आणि गेटवरचा माणूस दोन्ही कागद धरून बघत राहतो. आपल्या मिडशिपमनला पासपोर्टचं पहिलं पान पाठवून नाव जसंच्या तसं भरायला सांगा. शाकाहारी असाल तर तेही त्याच निरोपात कळवा. 'व्हेजिटेरियन' एवढ्याने मासे सुटतीलच असं नाही, त्यामुळे 'मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं/नाही' असं फोड करून लिहा. चेसापीक खाडीच्या काठावर खेकडा भाजीसारखा सगळीकडे असतो.

दुपारी लवकर पोचलात आणि हवा बरी असेल, तर बाराच्या सुमारास बॅनक्रॉफ्ट हॉलसमोरच्या 'टेकमसे कोर्ट' नावाच्या अंगणात जेवणाआधीचं संचलन बघता येतं. शनिवार-रविवारी ते नसतं, म्हणून शुक्रवारचा मोका सोडू नका.

शनिवार

सकाळी बॅनक्रॉफ्टमधला मेमोरियल हॉल आणि प्रीबल हॉलमधलं संग्रहालय एवढंच करा. पायांना संध्याकाळी काम आहे. परिसराला सगळे 'यार्ड' म्हणतात, कॅम्पस म्हणालात की नवखे ठरता.

कपड्यांचं. पुरुष असो वा स्त्री, दोघांनाही मिडशिपमनच म्हणतात. मुली इथे १९७६ पासून आहेत. त्यामुळे पाहुणा मुलगा असणंही नेहमीचं. मुलांनी टक्सिडो किंवा नीट शिवलेला काळा बंदगळा घालावा. झब्बा-जाकीट मिडशिपमनच्या पांढऱ्या मेस कोटांच्या, म्हणजे समारंभाच्या आखूड कोटांच्या शेजारी घरगुती दिसतं. मुलींसाठी पायघोळ गाऊन किंवा साडी. साडी उत्तम दिसते, पण कोणती ते महत्त्वाचं. भरजरी पैठणी तिथल्या मे महिन्याच्या दमट हवेत जड होते, आणि रेशमावर पाण्याचा थेंब पडला की डाग राहतो. अंगठी पाण्यातून निघाल्यावर थेंब पडणारच. क्रेप किंवा जॉर्जेट नेसा, काठ हवेच असतील तर अरुंद. खाडीवरून वारा येतो म्हणून पदराच्या निऱ्या घालून खांद्यावर दोन ठिकाणी पिना लावा आणि एक पिन कमरेशी. नऊवारी टाळा असं मी म्हणणार नाही, पण सोडवून पुन्हा नेसवायला तिथे कोणी नसतं.

चपला. जुन्या ॲनापोलिसचे फूटपाथ लाल विटांचे आहेत आणि झाडांच्या मुळांनी जागोजागी उचललेले आहेत. पेन्सिल हील दोन विटांच्या फटीत अडकते, एकतर टाच तुटते नाहीतर घोटा मुरगळतो. रुंद टाचेचे किंवा वेजचे बूट घ्या, आणि साडी तेच बूट घालून, त्यांची उंची धरून नेसा. परतीसाठी पिशवीत सपाट चपला.

आता रिबन, कारण घोळ इथेच होतो. गुळगुळीत सॅटिनची गाठ मानेच्या घामाने आणि अंगठीच्या वजनाने हळूहळू सुटते. आडव्या रेघांचं खरबरीत ग्रॉसग्रेन रिबन घ्या, रुंदी एक ते दीड सेंटिमीटर, लांबी साधारण एक मीटर. रंग वर्गाच्या रंगाशी जुळवायचा का, ते मिडशिपमनला विचारा. रिबन दुमडून मधला फास अंगठीतून काढा, दोन्ही टोकं त्या फासातून ओवून ओढा. अशी अडकवलेली अंगठी मानेमागची गाठ सुटली तरी घरंगळत नाही. नुसतीच ओवलेली असेल तर रिबन सुटल्याबरोबर थेट पाण्यात. मानेमागे बुटाच्या लेससारखी एका ओढीत सुटणारी गाठ, आणि तिची टोकं चार-पाच सेंटिमीटर मोकळी. अंगठी छातीच्या मध्यावर यावी. फार आखूड ठेवलीत तर बुडवताना तोंड पाण्यावर न्यावं लागतं. बाकी गळ्यात काही घालू नका, हार आणि रिबन एकमेकांत अडकतात. कानातले मोठे घाला. साडी असेल तर रिबन पदराच्या वरून येऊ द्या, आतून गेलं तर आयत्या वेळी अंगठी शोधत बसाल. खोलीवर आरशासमोर तेवढ्याच वजनाची किल्ली बांधून चार वेळा सराव करा.

मिडशिपमनसाठी फुलं आणू नका, गणवेशावर ती लावत नाहीत. गणवेशात हात धरून चालणं, गळ्यात पडणं हेही नियमात बसत नाही. हात दुमडून पुढे केला तर तो धरायचा, आणि तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला. उजवा हात सॅल्यूटसाठी मोकळा लागतो. सूर्यास्ताच्या वेळी ध्वज उतरवण्याचं संगीत वाजलं की बाहेर असाल तिथे थांबा आणि ध्वजाकडे तोंड करून उभे राहा. मिडशिपमनची पांढरी टोपी गंमत म्हणूनही डोक्यावर घालू नका: जी घालेल तिने चुंबन द्यायचं असा जुना समज आहे आणि आजूबाजूचे मित्र त्याची लगेच आठवण करून देतात.

स्वागताची रांग असेल तर आधी पाहुणा, मागून मिडशिपमन. सुरुवातीला उभा असलेला अधिकारी फक्त नाव विचारून पुढे सांगतो, त्याच्याशी हस्तांदोलन करायचं नसतं. नाव सावकाश आणि सोपं करून सांगा; 'ज्ञानदा' सांगितलंत तर चौथ्या माणसापर्यंत काय पोचेल सांगता येत नाही. हातात ग्लास नको, पर्स डाव्या हातात. वय एकवीसच्या खाली असेल तर दारूकडे वळूच नका, तुमच्यापेक्षा यजमानाला ते महाग पडतं.

होकायंत्राची रांग लांब असते. जेवणानंतर सगळे एकदम उठतात, म्हणून जेवण सुरू असतानाच कोणाशी फोटोची देवाणघेवाण ठरवून टाका: तुम्ही त्यांचे काढा, ते तुमचे. पाळी आल्यावर क्रम असा. अंगठी रिबनसकट पाण्यात बुडवा, वर घेऊन मुठीत धरा, एक पाऊल मागे या, मगच गाठ ओढा आणि फास सैल करून अंगठी रिबनमधून सोडवा. रुमालाने अंगठी टिपा. कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात घालायची हे रांगेत विचारून ठेवलेलं असावं. उकाड्याने आणि खारट जेवणाने बोटं फुगतात. अंगठी पेरावर अडली तर ढकलू नका, हलकेच फिरवत न्या, ओल्या बोटावर ती सोपी जाते. मग चुंबन. ही परवानगी असलेली जागा आहे, पण आपल्या दोघांचं काय ठरलंय ते आधी बोलून घ्या. मित्र म्हणून गेलेले गालावर टेकवतात किंवा मिठी मारतात, कोणी काही म्हणत नाही. अंगठीच्या भल्यामोठ्या प्रतिकृतीजवळ फोटो काढायचा असेल तर तो नाचाआधी, घाम येण्यापूर्वी.

रात्री परतायची वेळ मिडशिपमनला ठरवून दिलेली असते आणि ती चुकवणं हा त्यांच्याकडे गुन्हा आहे. तुम्ही गेटपर्यंत एकट्याने जाणार की तो सोडणार, टॅक्सी कुठे उभी राहणार, हे संध्याकाळी सहालाच ठरवा.

रविवार

उशिरा उठा. सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना असतात, त्यामुळे बघायला दुपारी जा. तळघरात जॉन पॉल जोन्स या नौदलवीराची समाधी आहे. १७९२ मध्ये पॅरिसला वारलेल्या या माणसाचे अवशेष १९०५ मध्ये शोधून इथे आणले. वेळ उरला तर मेरीलँडचं स्टेट हाउस बघा. १७८३ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनने सेनापतिपदाचा राजीनामा इथेच दिला. बंदरावरचा अरुंद खाडीभाग 'इगो ॲली' म्हणून ओळखला जातो, श्रीमंत मंडळी आपल्या बोटी मिरवत तिथे फेरी मारतात, आणि तो फुकट बघायला मिळतो.

साडी ओली झाली असेल तर घडी घालून बॅगेत कोंबू नका, टॉवेलवर पसरून वाळवा. निघताना रविवारची उलटी गर्दी लक्षात घ्या: किनाऱ्यावरून परतणाऱ्या गाड्या दुपारी बे ब्रिज ओलांडून रूट ५० वर पश्चिमेकडे येतात. वॉशिंग्टन किंवा न्यू जर्सीकडे जायचं असेल तर दोनच्या आत निघा, नाहीतर जेवूनच रात्री आठनंतर.